रामजी मालोजी सकपाळ

रामजी मालोजी सकपाळ (मृत्यू: २ फेब्रुवारी १९१३) हे ब्रिटिश भारतीय सैन्यातील सुभेदार मेजर आणि सैनिकी शाळेचे मुख्याध्यापक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ते वडील होत. त्यांच्या घराण्यात सैनिकी सेवेची परंपरा होती.

== घराणे ==
सकपाळ घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील आंबडवे होय. ग्रामदेवतेच्या पालखीचा मान या घराण्याकडे होता. महार समाजाला गावकीच्या कामांबद्दल वतनाची थोडी जमीन व बलुते मिळत असे. मात्र त्याबरोबर अस्पृश्यताही वाट्याला येई. गावाच्या या चौकटीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची मुंबई फौज होती. रामजींचे वडील मालोजी याच मार्गाने सैन्यात गेले. त्यांच्या अपत्यांपैकी रामजी आणि मीराबाई ही दोघे हयात राहिली. मीराबाई पुढे रामजींच्याच कुटुंबात राहत असत.

रामजींच्या पत्नी भीमाबाई या ठाणे जिल्ह्यातील मुरबाडच्या मुरबाडकर घराण्यातील होत्या. त्यांचे वडीलही सैन्यात सुभेदार मेजर होते. या दांपत्याला चौदा अपत्ये झाली. त्यांपैकी बाळाराम, आनंदराव व भीमराव हे मुलगे आणि मंजुळा व तुळसा या मुली वाढल्या. धाकटे भीमराव यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला.

== सैनिकी सेवा आणि अध्यापन ==
त्या काळी सैनिकांच्या मुलामुलींसाठी छावण्यांतून शाळा चालविल्या जात. गावातील शाळेचे दार बंद असलेल्या कुटुंबांना तेथे शिक्षण मिळे. रामजींनी पुण्याच्या सैनिकी नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि सुमारे १४ वर्षे सैनिकी शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम केले. मराठी, इंग्रजी आणि अंकगणित यांवर त्यांचे प्रभुत्व होते. ते कबीरपंथी होते. घरी सकाळ-संध्याकाळ भजन व संतवाणीचे पठण होत असे. महात्मा फुले यांच्या कार्याविषयी त्यांना आदर होता.

१८९२ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या सैन्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबांचा उपजीविकेचा आणि शिक्षणाचा आधार त्यामुळे तुटला. या निर्णयाविरुद्ध अर्ज करण्याच्या प्रयत्नात रामजींनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे साहाय्य घेतले. मात्र बंदी कायम राहिली. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, महारांची स्वतंत्र पलटण उभारण्यात आली. तोपर्यंत रामजी हयात नव्हते.

== निवृत्तीनंतर ==
निवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोली येथे राहिले. पुढे रामजींना सातारा येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात कोठाराची नोकरी मिळाली. तेथेच भीमाबाईंचे निधन झाले. मुलांचा सांभाळ मीराबाईंनी केला. नंतर रामजींनी जिजाबाईंशी दुसरा विवाह केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात नोंदविण्यात आले. त्या वेळी आडनाव मूळ गावावरून आंबडवेकर असे लावले होते. त्याचेच पुढे आंबेडकर झाले.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत राहावयास आले. एकाच खोलीत स्वयंपाक, झोपणे व अभ्यास चाले. भीमरावांना पहाटे दोनला अभ्यासासाठी उठविता यावे म्हणून रामजी तोवर जागे राहत आणि मग स्वतः झोपत. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले की ते विवाहित मुलींकडून दागिने आणून गहाण ठेवीत व निवृत्तिवेतन हाती आल्यावर सोडवून परत करीत. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले आणि १९१२ मध्ये त्यांनी बी.ए. पूर्ण केले.

== मृत्यू ==
जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आल्याने ते मुंबईस परतले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षणासाठी दाखल झाले.