एक्सप्लेनर : जिम्बल नाही, वाइड लेन्स नाही, सावे दादांनी १८९९ मध्ये कुस्ती कॅमेऱ्यात कशी पकडली?

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात, तेव्हा गर्दीच्या डोक्यांवर मोबाइलच मोबाइल दिसतात. कुणी फोन जिम्बलवर लावून मिरवणुकीसोबत चालतो, कुणी ०.५ एक्सवर बोट ठेवतो. गुलमर्गच्या बर्फात स्कीइंग करणाऱ्याच्या मागे कॅमेरा घेऊन घसरणाऱ्यापुढेही हाच पेच असतो : धावता माणूस चौकटीत ठेवायचा कसा?

भारतात या पेचाला सर्वांत आधी भिडणाऱ्यांत एक मराठी फोटोग्राफर होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा.

एक रुपयाचे तिकीट

सावे दादांचा जन्म १८६८ चा. मुंबईत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोडा भागातल्या वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचे खेळ सुरू झाले. तिकीट एक रुपया. हे खेळ पाहिलेल्यांत सावे दादाही होते. बाकीचे थक्क होऊन घरी गेले, यांनी लंडनहून कॅमेरा मागवला.

किंमत २१ गिनी. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग आणि तेव्हाचा दर पौंडाला १५ रुपये, म्हणजे साधारण ३३० रुपये. त्या काळात ही रक्कम फार मोठी होती.

पहिलाच विषय : कुस्ती

नोव्हेंबर १८९९. मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती ठेवली गेली आणि सावे दादांनी ती चित्रित केली. भारतीयाने केलेल्या अगदी सुरुवातीच्या चित्रीकरणांत तिची गणना होते.

जागा उघड्यावरची, हे महत्त्वाचे. तेव्हाची फिल्म इतकी ‘मंद’ होती की भरपूर ऊन नसेल तर चित्र उमटतच नसे. एका रिळात मिनिटभराचेच चित्रण मावायचे. कॅमेरा तिपाईवर, हँडल हाताने फिरवायचे आणि तेही एका लयीत. हात अडखळला की पडद्यावर पैलवानही अडखळणार.

लेन्सचे गणित काय?

त्या काळच्या सिनेकॅमेऱ्यांना सहसा दोन इंची, म्हणजे सुमारे ५० मिमीची लेन्स असे. ३५ मिमी फिल्मवर ती आडवे जेमतेम २७ अंश पाहते. हिशेब केला तर १५ फूट रुंदीचे मैदान चौकटीत बसवायला कॅमेरा सुमारे ३० फूट मागे न्यावा लागतो. आजच्या फोनमधली अल्ट्रावाइड लेन्स शंभर अंशांहून जास्त पाहते. ती घेऊन सहा-सात फुटांवर उभे राहिले तरी तेवढेच मैदान मावते.

वाइड लेन्सचा दुसरा फायदा थरथरीचा. हात एक अंश हलला तर २७ अंशांच्या चौकटीत चित्र बरेच सरकते, १०० अंशांच्या चौकटीत ते फारसे जाणवत नाही. म्हणूनच स्कीइंगसाठी जिम्बलवर वाइड लेन्स लावतात; ती हलकी असेल तर मोटरवर ताणही कमी येतो. पण तिची किंमत चुकवावी लागते. खेळाडू थोडा लांब गेला की मुंगीएवढा दिसतो आणि कडेला आलेला माणूस ताणला जातो. त्यामुळे चित्रण करणाऱ्याला खेळाडूच्या अगदी जवळून, त्याच्याच वेगाने जावे लागते. अल्ट्रावाइडचा हट्ट सगळीकडे चालत नाही तो यामुळेच. मारबतीच्या गर्दीत ती कामाची, गच्चीवरून मिरवणूक टिपताना मात्र फोनची मुख्य लेन्सच बरी.

सावे दादांना यातले काहीच उपलब्ध नव्हते. पण कुस्ती एका जागी चालते, धावत सुटत नाही. तिपाईवरच्या कॅमेऱ्याला याहून सोयीचा खेळ सापडणे कठीण.

निकाल समुद्रापलीकडे

आज क्लिप लगेच पाहता येते. सावे दादांनी मात्र ती फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवली. जहाजाने जायची, जहाजाने यायची. चित्र उमटले की वाया गेले, हे तोवर कळणार नव्हते. दरम्यान त्यांनी प्रोजेक्टरही घेतला आणि उघड्यावर खेळ दाखवू लागले.

पुढे माकडांचे खेळ त्यांनी टिपले. १९०१ च्या डिसेंबरमध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ परांजपे मायदेशी परतले, तेव्हा चौपाटीवरचे त्यांचे स्वागत सावे दादांच्या कॅमेऱ्यात आले. भारतातली पहिली बातमीफीत म्हणून तिचा उल्लेख होतो. लॉर्ड कर्झनच्या काळातला १९०३ चा दरबारही त्यांनी चित्रित केला.

‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला, तोवर सावे दादांचे चित्रीकरण थांबले होते. कथापट त्यांनी केलाच नाही. त्यांनी कॅमेरा विकला आणि गेइटी थिएटरचे व्यवस्थापन हाती घेतले. बोरीबंदर स्टेशनासमोरची हीच वास्तू पुढे कॅपिटॉल सिनेमा झाली. १९५८ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर त्यांचे निधन झाले.