ॲडम ऑसबर्न आणि फ्लॉपीची प्रत

पावसाळ्यात गोंडपिपरीसारख्या जंगलालगतच्या गावात वह्या-पुस्तकांना बुरशी धरते. दमट हवेत ठेवलेल्या जुन्या फ्लॉपीचेही तेच होते. एका संगणकाचा तर सगळा कारभारच फ्लॉपीवर चालत असे. तो बाजारात आणणाऱ्या ॲडम ऑसबर्न यांची ही ओळख.

ऑसबर्न यांचा जन्म १९३९ मध्ये बँकॉकला झाला. बालपण मात्र तमिळनाडूत गेले. वडील आर्थर ऑसबर्न हे रमण महर्षींचे शिष्य. ॲडम इंग्लंडमध्ये शिकले, अमेरिकेत पीएच.डी. झाले आणि शेल कंपनीत केमिकल इंजिनिअर म्हणून नोकरीला लागले. पुढे मायक्रोप्रोसेसरवर सोपी पुस्तके लिहून त्यांनी नाव कमावले.

एप्रिल १९८१ मध्ये त्यांनी ‘ऑसबर्न १’ हा हातात उचलून नेता येणारा संगणक आणला. वजन सुमारे ११ किलो, पडदा ५ इंची, किंमत १,७९५ डॉलर. त्यात हार्ड डिस्क नव्हती. ‘सीपी/एम’ ही कार्यप्रणाली दर वेळी फ्लॉपीवरून वाचावी लागे. सिस्टिमची फ्लॉपी बिघडली की यंत्र म्हणजे नुसते खोके. म्हणून तिची प्रत काढून ठेवणे गरजेचे होते.

त्यासाठी आधी मूळ फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद करायची, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिले जात नाही. नुसत्या फायली उतरवून भागत नाही. कार्यप्रणाली फ्लॉपीच्या राखीव ट्रॅकवर असते आणि फायलींच्या यादीत दिसत नाही. त्यामुळे सगळे ट्रॅक उतरवायचे आणि यंत्र त्या प्रतीवर सुरू करून पाहायचे. बुरशी आलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालू नये. घाण हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खराब करते.

हा संगणक धडाक्यात खपला, पण स्पर्धा वाढली आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. नंतर काढलेली स्वस्त सॉफ्टवेअरची कंपनी लोटसने केलेल्या दाव्यात १९९० मध्ये हरली. पुढे मेंदूच्या आजाराने त्यांना वारंवार छोटे झटके येऊ लागले. ते भारतात परतले आणि १८ मार्च २००३ रोजी कोडाईकनाल येथे ६४ व्या वर्षी वारले.

फ्लॉपीसारखी मेंदूची प्रत काढून ठेवता येत नाही. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलताना जीभ अडखळणे ही लक्षणे काही मिनिटांत गेली, तरी घरी न थांबता लगेच रुग्णालय गाठावे.