उपासमार सोसलेली माउली : पंडिता रमाबाई



मराठवाड्याच्या माणसाला दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. १९७२ साली खडी फोडून, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढलेले वडीलधारे आजही आपल्यात आहेत. म्हणून या रविवारी पंडिता रमाबाईंची आठवण. त्या कॅथलिक नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये अँग्लिकन मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण भुकेल्यांना अन्न देण्याचे दयाकृत्य त्यांनी जसे केले तसे आपल्यापैकी फार थोड्यांनी केले असेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब दक्षिणेत फिरत असताना दुष्काळ पडला. जवळचे सारे संपले. झाडाचा पाला आणि रानफळे खाऊन त्यांनी दिवस काढले. मजुरी करावी तर कुळाचा आणि विद्येचा अभिमान आड येई. हे रमाबाईंनी पुढे स्वतःच कबूल केले आहे. वडील, आई, थोरली बहीण एकामागून एक गेली. उरलेली भावंडे हजारो मैल पायी हिंडली. थंडीत पांघरूण नाही म्हणून झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून ती झोपत.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई पुण्यात शारदा सदन चालवीत होत्या. ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते, आणि पैसा अमेरिकेतून मोजकाच येई. त्या गेल्या नसत्या तरी कोणी नावे ठेवली नसती. पण त्या गेल्या. बाजारात धान्य होते, गरिबाच्या हातात पैसा नव्हता. (महागाईचे हे दुखणे रेशनच्या रांगेत उभे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.) मदत छावण्यांत निराधार मुलींवर दुष्ट माणसे टपून होती. सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग, त्यामुळे शहरात ठेवायला परवानगी नाही. मग केडगावच्या शेतात तंबू उभे राहिले. तेच पुढे मुक्ति सदन झाले.

१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. रोज एवढ्या पानांची सोय करायची! नुसत्या देणगीवर हे भागणारे नव्हते. त्यांनी विहिरी खणल्या, धान्य-भाजीपाला पिकवला, गाई पाळल्या, तेलाचा घाणा, हातमाग, छापखाना घातला. प्रत्येक मुलीने हाताने काम करून पोट भरायला शिकावे, हा त्यांचा आग्रह. ज्या घरात मजुरी कमीपणाची मानली गेली, त्याच घरची ही मुलगी.

त्यांची कन्या मनोरमा हिने पुढे गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढली. तेव्हा तो भागही आपल्यासारखाच निजामाच्या राज्यात होता. १९२१ साली मनोरमा वारली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही प्रभूकडे गेल्या.

आपण दौंडमार्गे रेल्वेने पुण्याला जातो, तेव्हा वाटेत केडगाव लागते. मुक्ति मिशन तेथे आजही चालू आहे.