त्वचेचे थर ओळखणारा डॉक्टर

मैत्रिणींनो, लग्नसराई जवळ आली की ‘पीलिंग करून घ्या, चेहरा उजळेल’ असा आग्रह सुरू होतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने लग्नाला पंधरा दिवस असताना हौसेने पीलिंग केलं आणि गालांवर काळे डाग घेऊनच ती बोहल्यावर चढली. म्हणूनच आज डॉ. पॉल गेर्सन उन्ना यांची ओळख करून द्यावीशी वाटते.

उन्नांचा जन्म १८५० साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात झाला. वडील डॉक्टर. पॉलनेही वैद्यकीचा अभ्यास सुरू केला, पण १८७० मध्ये फ्रान्सबरोबर युद्ध पेटलं. पॉल लढायला गेला आणि गंभीर जखमी झाला. बरा झाल्यावर मात्र त्याने शिक्षण पूर्ण केलं. पुढे व्हिएन्नाला जाऊन हेब्रा या नामवंत त्वचातज्ज्ञांकडे धडे गिरवले आणि हॅम्बुर्गला परतून त्वचारोगांसाठी स्वतःचा दवाखाना काढला.

सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेचा एकेक थर पाहणं हा त्यांचा ध्यासच होता. १८८२ मध्ये त्यांनी सॅलिसिलिक अ‍ॅसिड, रिसॉर्सिनॉल, ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि फिनॉल यांचे त्वचेवरचे परिणाम नोंदवले. आजच्या केमिकल पीलिंगचा पाया हाच. १८९४ मध्ये त्वचारोगांच्या सूक्ष्म रचनेवर त्यांचा मोठा ग्रंथ आला. १९११ साली बाजारात आलेल्या निव्हिया क्रीममागेही त्यांचा हात होता बरं का! १९१९ मध्ये ते हॅम्बुर्ग विद्यापीठात त्वचारोगाचे प्राध्यापक झाले. १९२९ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या कामातून आपण काय घ्यायचं? औषध किती खोल जातं, हे आधी विचारायचं. तेलकट, मुरुमांच्या त्वचेला सॅलिसिलिक पील मानवतं. निस्तेज चेहऱ्याला, वरवरच्या डागांना ग्लायकोलिक, तर नाजूक त्वचेला सौम्य लॅक्टिक. मशीनने केलेलं मायक्रोडर्माब्रेजन फक्त वरचा मृत थर घासून काढतं. खोलवरचे डाग त्याने जात नाहीत. ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक पील त्वचारोगतज्ज्ञांशिवाय नकोच. फिनॉल तर फार खोल जातं, हृदयावरही परिणाम करू शकतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर खोल पीलनंतर काळे डाग पडण्याचा धोका जास्त असतो.

तेव्हा कोणतं अ‍ॅसिड, किती टक्के, हे विचारायला लाजू नका. दिवस गेले असतील किंवा मुरुमांच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. नंतर उन्हात जाताना सनस्क्रीन आणि पदर-ओढणी हवीच. कार्य तोंडावर आलेलं असताना पहिला प्रयोग करू नका.

आणि एक लक्षात ठेवा. पीलिंगने त्वचा नितळ होते, जन्माचा रंग बदलत नाही. तो बदलायची गरजही नाही, नाही का?