खाल्लेलं अंगी लागावं म्हणून…

कितीही खाल्लं तरी काडीच राहणाऱ्या पोराबद्दल घरोघरी एकच तक्रार असते : खाल्लेलं अंगी लागत नाही. पण हे अंगी लागणं नेमकं होतं कुठे, माहितीये? लहान आतड्यात. साधारण ६ मीटरच्या या नळीला आतून मखमलीसारखं अस्तर असतं. त्यातल्या लाखो इवल्या उंचवट्यांना म्हणतात व्हिली. पचलेल्या अन्नातली साखर, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं इथूनच रक्तात शिरतात. ही मखमल झिजली की माणूस भरल्या ताटावर उपाशी राहतो. या आजाराचं नाव स्प्रू. जुने वैद्य अशा दुखण्याला संग्रहणी म्हणायचे.

याच स्प्रूने येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे दोन भाऊ नेले. पुढे त्यांनाही त्याने गाठलं. ते वाचले, एका आयुर्वेदिक डॉक्टरांच्या उपचारांनी.

आंध्रातल्या भीमावरमला १८९५ मध्ये जन्मलेले सुब्बाराव काही टॉपर वगैरे नव्हते. मॅट्रिक झाले तिसऱ्या प्रयत्नात. मद्रास मेडिकल कॉलेजात असताना खादीचा सर्जिकल गाऊन घातला म्हणून इंग्रज प्रोफेसरांची मर्जी गेली आणि एमबीबीएसऐवजी दुय्यम पदवी हातात पडली. तरी १९२२ मध्ये त्यांनी बोस्टन गाठलं. पोटासाठी हॉस्पिटलात रात्रपाळीची हलकी कामं केली. पुढे हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत स्नायूंमधलं एटीपी शोधलं. हो, तुमच्या बायोलॉजीच्या पुस्तकातलं तेच! एवढं करूनही हार्वर्डने कायमची नोकरी दिली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले.

इथे गोष्ट जरा मुंबईत आणू. १९२८ च्या सुमारास भारतात आलेल्या लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईतल्या गरोदर गिरणी कामगार बायकांच्या ॲनिमियाचा अभ्यास करत होत्या. यीस्टच्या अर्काने या बायका बऱ्या होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. पण त्यात होतं काय? उत्तर होतं फॉलिक ॲसिड. सुब्बाराव यांच्या टीमने ते १९४५ मध्ये प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं. लगेच ते स्प्रूच्या रुग्णांना देण्यात आलं आणि रुग्ण सुधारू लागले.

का सुधारले? आतड्याच्या अस्तरातल्या पेशी दर तीन-पाच दिवसांनी नव्याने बनतात. नवी पेशी म्हणजे नवा डीएनए, आणि त्यासाठी फोलेट हवंच. अस्तर खराब झालं की फोलेट शोषलं जात नाही. फोलेट नाही म्हणून अस्तर भरून येत नाही. हे दुष्टचक्र त्या गोळीने तोडलं. आजही स्प्रूवर फॉलिक ॲसिडबरोबर टेट्रासायक्लिन देतात. त्या गटातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, हेही सुब्बाराव प्रमुख असलेल्या विभागातूनच आलं.

याची किंमतही मोठी होती. मागे ठेवलेल्या पत्नीला, शेषगिरींना, ते पुन्हा कधीच भेटले नाहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये, अवघ्या ५३ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये झोपेतच गेले.

शाळेत आठवड्याला मिळणारी ती निळी गोळी आठवतेय? बाकाखाली फेकली असेल, तर आता ऐका : तिच्यात लोहासोबत फॉलिक ॲसिडच होतं.