विश्लेषण : बिल पटनम कोण होते? त्यांचा ‘११७६’ कॉम्प्रेसर लाइव्ह कार्यक्रमांत आजही का वापरतात?

गायिका एका ओळीत कुजबुजते आणि पुढच्याच ओळीत टिपेला जाते. पहिली ओळ मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, दुसरी पुढच्या रांगेचे कान दुखवते. मिक्सरवर बसलेल्या इंजिनीअरचे बोट कितीही चपळ असले तरी फेडर वेळेत खाली येत नाही. हे काम कॉम्प्रेसर करतो. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला, की तो आपोआप दाबतो. या यंत्राला आजचे रूप देणाऱ्यांत अमेरिकेचे बिल पटनम यांचे नाव अग्रभागी आहे.

सुरुवात कुठे झाली?

मिल्टन टास्कर ऊर्फ बिल पटनम यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२० रोजी इलिनॉय राज्यातील डॅनव्हिल येथे झाला. शाळकरी वयातच ते रेडिओ दुरुस्त करू लागले. नाचगाण्याच्या कार्यक्रमांना ध्वनिवर्धक भाड्याने देत आणि बँडबरोबर गातही. त्यामुळे माइकच्या दोन्ही बाजू त्यांना लवकर कळल्या. गाणाऱ्याला काय हवे आणि तारांमागे बसलेल्याला काय जमते, हे दोन्ही त्यांना ठाऊक होते.

स्नानगृहाने नाव कसे दिले?

१९४६ मध्ये पटनम यांनी ‘युनिव्हर्सल रेकॉर्डिंग’ हा स्टुडिओ सुरू केला आणि लवकरच तो शिकागोत हलवला. १९४७ मध्ये ‘हार्मोनिकॅट्स’ या माउथ ऑर्गनवादक त्रयीचे ‘पेग ओ माय हार्ट’ ध्वनिमुद्रित करताना त्यांनी स्टुडिओचे स्नानगृहच कामाला लावले. तिथे स्पीकर लावून वाद्यांचा आवाज सोडला, फरशीवरून घुमून आलेला नाद माइकने टिपला आणि तो मूळ आवाजात मिसळला. रेकॉर्ड तुफान खपली. पॉप संगीतात कृत्रिम घुमाऱ्याचा कलात्मक वापर इथून रुजला, असे मानले जाते. पुढे ड्यूक एलिंग्टन यांच्यासारखे संगीतकार त्यांच्याकडे आवर्जून येऊ लागले.

हॉलीवूडमध्ये काय घडले?

१९५७ मध्ये शिकागोतला जम बसलेला व्यवसाय सोडून पटनम हॉलीवूडला गेले. फ्रँक सिनात्रा आणि बिंग क्रॉस्बी यांच्या पाठबळावर सनसेट बुलेव्हार्डवर ‘युनायटेड रेकॉर्डिंग’ उभे राहिले. त्या काळी अनेक रेकॉर्ड कंपन्यांना स्टिरिओ म्हणजे चार दिवसांचे फॅड वाटत होते. पटनम मात्र मोनोबरोबर स्टिरिओ मुद्रणही स्वखर्चाने करून ठेवत. काही वर्षांतच स्टिरिओला मागणी आली आणि कंपन्यांना तेच मुद्रण त्यांच्याकडून घ्यावे लागले.

बाजारात हवे ते यंत्र नसेल, तर पटनम ते स्वतः बनवत. त्यांच्या ‘६१०’ कन्सोलमध्ये प्रत्येक चॅनेल सुटा काढता येई. एक बिघडला तर तो बदलायचा आणि काम चालू ठेवायचे.

‘११७६’ मध्ये नवे काय होते?

पटनम यांच्या आधीच्या ‘१७६’ लिमिटरमध्ये व्हॅक्यूम ट्यूब होत्या. १९६७ मध्ये आलेल्या ‘११७६’ मध्ये आवाज दाबण्याचे काम फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टरकडे म्हणजे ‘फेट’कडे आले. यंत्र आटोपशीर झाले आणि वेगही वाढला. त्याचा अटॅक, म्हणजे दाब सुरू होण्याचा वेळ, २० ते ८०० मायक्रोसेकंद. रिलीज, म्हणजे पकड सुटण्याचा वेळ, ५० मिलिसेकंद ते १.१ सेकंद. दाबाचे प्रमाण ४, ८, १२ किंवा २० यांपैकी निवडायचे. ४ चे बटण दाबले, की मर्यादेवर ४ डेसिबल गेलेला आवाज साधारण १ डेसिबलच वर जातो.

नवख्यांची गफलत दोन ठिकाणी होते. यात मर्यादा ठरवणारे वेगळे बटण नाही. इनपुट वाढवले, की दाब वाढतो. शिवाय अटॅकचे बटण उजवीकडे फिरवले, की वेळ कमी होतो.

मग एकच कॉम्प्रेसर पुरतो का?

नाही, आणि याचे उत्तर पटनम यांच्याच घरात आहे. १९६७ मध्येच ‘टेलेट्रॉनिक्स’ ही कंपनी त्यांच्याकडे आली आणि जिम लॉरेन्स यांनी घडवलेला ‘एलए-२ए’ त्यांच्या ताफ्यात दाखल झाला. त्याचा स्वभाव ‘११७६’च्या अगदी उलट. आवाज वाढला, की आतले प्रकाशफलक उजळते आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारा रोध आवाज दाबतो. अटॅक सरासरी १० मिलिसेकंद. पकड आधी झटकन अर्धी सुटते, उरलेली सावकाश.

म्हणून लाइव्हसाठी निवडताना आधी अडचण ओळखायची. स्नेअर ड्रमचा फटका किंवा अचानक ओरडणारा गायक आवरायचा असेल, तर वेगवान फेट. संथ गाण्यातला आवाज दाब जाणवू न देता सलग ठेवायचा असेल, तर ऑप्टिकल. मात्र दाबून कमी झालेला आवाज आउटपुटने पुन्हा वाढवला, की हळू आवाजांबरोबर मंचावरचा गोंगाटही वर येतो आणि फीडबॅकची शिट्टी वाजण्याचा धोका वाढतो. स्टुडिओत दुसरा टेक असतो, मंचावर नसतो. त्यामुळे स्टुडिओत शोभणारा जोरदार दाब इथे अंगाशी येऊ शकतो. ट्यूबचे यंत्र रोजच्या चढ-उतारात आणि धक्क्यांत सांभाळावे लागते, हेही खरेदीआधी ध्यानात घ्यायचे.

पटनम यांच्यानंतर काय?

१९८० च्या दशकात पटनम यांनी आपली ‘यूआरईआय’ कंपनी हर्मनला विकली. १३ एप्रिल १९८९ रोजी, ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९९९ मध्ये मुलांनी ‘युनिव्हर्सल ऑडिओ’ हे जुने नाव पुन्हा उभे केले आणि ‘११७६’ नव्याने बाजारात आणला. २००० मध्ये पटनम यांना मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी मिळाले.

आज डिजिटल मिक्सरच्या पडद्यावरही त्याच काळ्या यंत्राची नक्कल दिसते. खरे यंत्र रॅकमध्ये असो वा पडद्यावर, पटनम यांची रीत दोन्हीकडे लागू पडते. आधी गाणाऱ्याची अडचण ऐकायची, यंत्राला हात त्यानंतर लावायचा.