हरिभाऊंचा आठवडा

हरि नारायण आपटे यांचा जन्म १८६४ साली खानदेशातील पारोळे येथे झाला. महाविद्यालयीन शिक्षण अपुरे राहिले. पुढे पुण्यात आनंदाश्रम संस्थेच्या व्यवस्थेचा भार, शिवाय नगरपालिकेचे काम. लेखनाला सवड कोठून मिळणार? १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि दर आठवड्याच्या मजकुराशी स्वतःला बांधून घेतले. स्फूर्तीची वाट पाहण्याची सोयच उरली नाही. 'पण लक्षात कोण घेतो?' मधील यमूची कहाणी अशीच हप्त्याहप्त्याने वाचकांच्या घरी पोहोचली. तिच्यातील पाल्हाळाला टीकाकार नावे ठेवतात. मला तो खटकत नाही. त्या काळी माजघरातला दिवस असाच सरता सरत नसे. १९१९ साली हरिभाऊंचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच होत्या.